विषयच राजकीय होता: एका निबंध स्पर्धेच्या परीक्षक मंडळाला खुलं पत्र

परीक्षक मंडळातील सर्व सहकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रंथालयाच्या यंदाच्या स्पर्धेचा विषय आपणच ठरवला होता: ‘कविता, लोकशाही आणि कवीची राजकीय भूमिका’. निकाल लागला, बक्षिसं वाटून झाली, हारतुऱ्यांचे फोटोही छापून आले. आता मी काही बोललो म्हणून कुणाचं बक्षीस जाणार नाही आणि कुणाला नव्याने मिळणारही नाही, म्हणूनच हे उघडपणे लिहितो आहे. एका निबंधाला आपण उत्तेजनार्थ दिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘भाषा प्रभावी, मात्र मांडणी राजकीय.’ कवीची राजकीय भूमिका काय असते असं आपणच विचारायचं आणि उत्तर राजकीय आलं म्हणून गुण कापायचे, हा कुठला न्याय?

निबंधकार कोण, मला माहीत नाही. पाकिटावर फक्त क्रमांक होता आणि तो मी इथे देत नाही. पण त्या दुपारी आपल्यात काय झालं ते सांगायला हवं. आपल्यातल्या एका बाजूचं म्हणणं होतं की हे असलं पहिलं आलं तर उद्या ग्रंथालयाच्या अनुदानाची फाईल अडकेल. दुसरी बाजू म्हणत होती, ‘काय आग आहे हो याच्यात, डोळे मिटून पहिला द्या!’ पाऊण तास वाद झाला. त्या पाऊण तासात निबंधातलं एकही वाक्य कुणी मोठ्याने वाचलं नाही. मग चहा आला आणि उत्तेजनार्थवर तडजोड झाली. ज्यांना निबंध नको होता आणि ज्यांना तो हवा होता, अशा दोन्ही बाजूंना त्यातला रंग तेवढा दिसला. मला त्याची परीक्षा करायची आहे. परीक्षक म्हणून आपलं काम तेच होतं.

सुरुवात दोषांपासून करतो.

निबंध उघडतो इंग्रज कवी शेलीच्या वाक्याने: कवी हे जगाचे मान्यता न पावलेले कायदेकर्ते असतात. या विषयावरचे दहा निबंध काढा, सात याच वाक्याने सुरू होतील. वाक्य भव्य आहे, पण ते कोणत्या दिवसांत लिहिलं गेलं हे निबंधकाराने पाहिलेलं नाही. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात संसदीय सुधारणा मागायला जमलेल्या गर्दीवर घोडदळ घातलं गेलं. एवढ्या मोठ्या मँचेस्टर शहराला तेव्हा संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. इटलीत बसलेल्या शेलीला बातमी कळली. त्याने त्यावर लांबलचक कविता लिहिली आणि छापायला लंडनला पाठवली. संपादक मित्राने ती दाबून ठेवली, कारण छापली असती तर खटला ठरलेला होता. कविता बाहेर आली १८३२ मध्ये. शेलीला जाऊन दहा वर्षं झाली होती आणि त्याच वर्षी मँचेस्टरला प्रतिनिधी मिळाले. ते कायदेकर्त्यांचं वाक्य ज्या निबंधात आहे, तो लिहिला गेला १८२१ मध्ये आणि छापला गेला १८४० मध्ये. म्हणजे स्वतःला कायदेकर्ता म्हणवणाऱ्या या माणसाला आपली कविता छापून आणणंही जमत नव्हतं. हे ध्यानात घेतलं की त्या वाक्यातला अभिमान बराच उतरतो आणि त्यातली तगमग दिसायला लागते. निबंधकाराने अभिमान तेवढा उचलला.

इंग्रज कवी ऑडनच्या बाबतीतही तेच. कवितेने काहीही घडत नाही, हे त्याने १९३९ साली आयरिश कवी येट्सवरच्या कवितेत म्हटलं. निबंधकार ते वाक्य घेतात, ऑडनला पराभूत मनोवृत्तीचा ठरवतात आणि पुढे जातात. पण त्या ओळीत ऑडन थांबलेला नाही. कविता टिकून राहते, वाहत राहते, असं तो लगेच पुढे म्हणतो. अर्धी ओळ तोडून कवीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं ही सभेतल्या वक्त्याची सवय झाली. निबंधात ती शोभत नाही.

एक तथ्याची चूकही आहे. दुर्गाबाई भागवतांचा उल्लेख ‘निर्भय कवयित्री’ असा आला आहे. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि ललित लेखिका. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून त्यांनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या आरोग्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. त्या निर्भय होत्या यात शंकाच नाही. एका सहकाऱ्याने ‘कवयित्री’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. चूक बरोबर पकडली, पण चौदा पानांवर त्यांची खूण तेवढी एकच!

खरा दोष याहून मोठा आहे आणि तो आपल्यापैकी कुणीच नोंदवला नाही. निबंधाचा सगळा डोलारा या एका विधानावर उभा आहे: ‘खरा कवी सत्तेच्या बाजूला कधीच उभा राहत नाही.’ पुढे उदाहरण येतं नामदेव ढसाळांचं. १९७२ सालचा ‘गोलपिठा’, त्याच वर्षीची दलित पँथर, पंधरा ऑगस्टला ‘काळा स्वातंत्र्यदिन’ पाळण्याची हाक. हे सारं बरोबर आहे आणि जोमाने लिहिलं आहे. पण ढसाळांचं चरित्र निबंधकाराने १९७४ च्या आसपास बंद करून टाकलं. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, याच ढसाळांनी इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. पुढे त्यांनी ‘सामना’त सदर चालवलं, शिवसेनेच्या जवळ गेले. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखंही बरंच आहे. पँथरच्या पोरांवर खटले होते, संघटना फुटलेली होती, आजार मागे लागला होता. पण वाचकापासून हे लपवून कसं चालेल? ‘कधीच नाही’ असं म्हणणाऱ्याला ‘प्रियदर्शिनी’चं काहीतरी करावंच लागतं. नाहीतर ढसाळ खरे कवी नव्हते असं म्हणा! तसं म्हणण्याची छाती कुणाची आहे?

हा दोष एकट्या निबंधकाराचा नाही, आपल्या सगळ्या साहित्यव्यवहाराचा आहे. आपण कवीचं राजकारण आणि कवितेचं राजकारण एकाच खात्यात मांडतो. कवी तुरुंगात गेला की कविता थोर होते, कवी मंत्र्याच्या गाडीत दिसला की तीच कविता पडते. ही दोन खाती वेगळी ठेवल्याशिवाय या विषयावर कुणालाही धड लिहिता येणार नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण हिंदीत आहे आणि ते निबंधात असायला हवं होतं. रामधारी सिंह दिनकरांनी प्रजासत्ताकाच्या जन्मावर, जानेवारी १९५० मध्ये, एक कविता लिहिली. सिंहासन खाली करा, जनता येते आहे, अशी तिची गाजलेली ओळ. कविता स्वागताची होती. जाणारा राजा परका होता, येणारी जनता आपली. दोन वर्षांनी दिनकर काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले आणि १९६४ पर्यंत तिथे होते. एप्रिल १९७४ मध्ये ते वारले. वर्षभराने, २५ जून १९७५ ला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायणांनी तीच ओळ म्हटली. या वेळी सिंहासनावर काँग्रेस होती. त्याच रात्री आणीबाणी लागली. बारा वर्षं सत्ताधारी बाकावर बसलेल्या कवीची ओळ त्याच पक्षाच्या सरकारवर उलटली आणि कवी ते पाहायला जिवंतही नव्हता. आता यात ‘कवीची राजकीय भूमिका’ कोणती धरायची? १९५० ची, १९५२ ची, की १९७५ ची? पहिल्या दोन त्याच्या, तिसरी त्याच्या कवितेची. ती कविता पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडी राहिली नसती, तर जयप्रकाशांना त्या दिवशी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं.

आणि राज्यसभेत गेलेला प्रत्येक कवी सरकारची री ओढतो, असंही नाही. गुजरातीचे उमाशंकर जोशी राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते आणि त्यांनी आणीबाणीला सभागृहात उभं राहून विरोध केला. नियुक्ती सरकारची होती म्हणून जीभ सरकारजमा झाली नाही.

आपल्याकडे कवींना खरोखरचे कायदेकर्ते करण्याची सोय संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदात आहेच. महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ पैकी १२ जागा राज्यपालांनी साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या माणसांतून भरायच्या असतात. त्या वाटेने ग. दि. माडगूळकर गेले, ना. धों. महानोर गेले. महानोर तिथे पाण्यावर, कोरडवाहू शेतीवर बोलत राहिले. अलीकडे त्याच १२ जागा २०२० पासून चार वर्षांहून जास्त काळ रिकाम्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ भरल्या, तर त्यांत साहित्यिक म्हणून ओळख असलेलं नाव मला दिसलं नाही. यावर निबंधात एक चरचरीत परिच्छेद होऊ शकला असता. असो.

संतांपाशी निबंधकार जरा घाईत होते. वारी म्हणजे लोकशाहीची पहिली शाळा, हे वाक्य आता इतक्या जणांनी लिहिलं आहे की ते तपासायचं कुणाच्या मनातच येत नाही. चोखोबांचा अंत १३३८ चा मानतात. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. मधली सहाशे वर्षं चोखोबांचे अभंग गायले जात होते, गाणारे रडतही होते आणि दार बंदच होतं. इथे कवितेची ताकदही दिसते आणि मर्यादाही. गुरुजी स्वतः कवी, पण दार उघडण्यासाठी त्यांनी कविता केली नाही, आधी महाराष्ट्रभर फिरले आणि मग अन्न सोडलं. निबंधकाराने इथे थांबायला हवं होतं. हाती आलेला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी एका भक्तिभावाच्या वाक्यात संपवला.

आता या निबंधातली ती अडीच पानं, ज्यांच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं.

पान नऊ ते अकरा. तिथे निबंधकार भाषण थांबवतात आणि कविता वाचायला बसतात. कविता नारायण सुर्व्यांची: ‘कामगार आहे मी तळपती तलवार आहे, सारस्वतांनो! थोडासा गुन्हा घडणार आहे.’ ही ओळ आपण मेळाव्यांत, फलकांवर इतकी ऐकली-पाहिली आहे की कान बधिर झालेत. निबंधकार साधा प्रश्न विचारतात: हा कामगार बोलतोय कुणाशी? तलवार तळपते आहे, मग समोर गिरणीमालक हवा, सरकार हवं, निदान फौजदार तरी हवा. समोर आहेत सारस्वत, लिहिणारे-वाचणारे. म्हणजे गुन्हा घडणार आहे तो गिरणीच्या फाटकावर नाही, कवितेच्या उंबऱ्यावर. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ चा आणि त्याच वर्षी देशाची तिसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. निबंधकार लिहितात की मतपेटीपाशी या माणसाला कुणी अडवलं नव्हतं, तिथे त्याचं मत आणि मालकाचं मत सारखंच. अडवणूक उरली होती ती कोण कसं बोलला म्हणजे त्याला मराठी कविता म्हणायचं, या ठिकाणी. ती चौकी सारस्वतांच्या ताब्यात होती.

मंडळी, हे वाचन आहे. यात ना घोषणा आहे ना भीती. निबंधकाराला कवीचं चरित्र पुढे करावं लागलं नाही, अनाथ पोर, गिरणी, शिपायाची नोकरी, यातलं काही सांगावं लागलं नाही. दोन ओळींतून लोकशाहीबद्दल काहीतरी हाती लागलं आणि ते आपल्याला आधी माहीत नव्हतं. मला तरी नव्हतं. मला तिथे लगेच १८८५ आठवलं. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेला निमंत्रण दिलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी जे नकाराचं पत्र पाठवलं, त्याचाही पत्ता हाच: सारस्वतांनो. ज्यांचे हक्क तुम्ही मनापासून मान्य करत नाही, त्यांना तुमच्या पुस्तकांशी काय देणंघेणं, असा त्या पत्राचा रोख. ‘घालमोड्या दादां’नी जमवलेल्या सभेत आम्ही मिसळणार नाही, हे तिथलंच. निबंधकाराला हा दुवा सापडलेला नाही, पण वाट अचूक सापडली आहे. परीक्षकाने समासात लिहायचं असतं ते हे. ‘मांडणी राजकीय’ हे नव्हे.

त्याच पानांत पाडगावकरांच्या ‘सलाम’वर सात-आठ ओळी आहेत आणि त्याही चांगल्या आहेत. आणीबाणीची कविता म्हणून तिला शौर्याच्या रांगेत बसवायचा मोह निबंधकाराने टाळला. त्या कवितेत बोलणारा माणूस शूर नाही. तो लाथेच्या भीतीने जो दिसेल त्याला सलाम करत सुटलेला आहे आणि ऐकता ऐकता आपलाही हात वर गेलेला आपल्याला कळतो. पान दोनवर ‘खरा कवी सत्तेपुढे झुकत नाही’ म्हणणारे हेच निबंधकार पान अकरावर झुकणाऱ्या माणसाचा आवाज कवितेत कसा येतो ते दाखवतात. आपल्याच पहिल्या विधानाला आपण सुरुंग लावला हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. एखाद्या जाणत्या परीक्षकाने ते दाखवून दिलं असतं, तर पुढचा निबंध कितीतरी वरचा झाला असता. आपण त्यांना प्रमाणपत्र दिलं, स्मृतिचिन्ह दिलं आणि शेऱ्यात एक ओळ.

लोकशाहीत कविता वाचण्याचं काम केवळ परीक्षकांकडे असतं असं नाही, कधी ते न्यायालयाकडेही जातं. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या, सभासदांपुरत्या निघणाऱ्या एका नियतकालिकात छापली गेली. अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. मे २०१५ च्या निकालात प्रकाशक आणि मुद्रक सुटले, कारण त्यांनी आधीच माफी मागितली होती. कवीचा प्रश्न खटल्यावर सोडला गेला. आणि ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. मला तो निकाल पटत नाही. पण एक मान्य करतो: न्यायालयाने पानंच्या पानं खर्च करून कवितेत बोलतंय कोण, भेटणारा गांधी कोणता, याचा विचार तरी केला. ज्या निष्कर्षाशी माझं भांडण आहे त्याच्यामागे वाचन आहे. आपल्या शेऱ्यामागे काय आहे?

भीती आहे, हे मला दिसतं आणि ती अगदीच हवेतली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने स्वतःच जाहीर केलेला अनुवादाचा एक पुरस्कार रद्द केला आणि तो ठरवणारी निवड समितीच बरखास्त केली. त्यानंतर काही साहित्यिकांनी शासनाच्या मंडळांचे राजीनामे दिले. तालुक्याच्या ग्रंथालयाने त्यावरून काय बोध घ्यायचा तो घेतला. अनुदानाचा हप्ता वेळेवर आला नाही की ग्रंथपालाचा पगार थकतो, हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्या काळजीला मी हसणार नाही. पण मग विषयच दुसरा द्यायचा. ‘माझा आवडता ऋतू’ द्या, सगळे सुखरूप राहतील. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना लोकशाहीवर लिहा म्हणायचं आणि त्यांनी लिहिलं की गुणपत्रिका खिशात घालून बसायचं, यात त्यांना लोकशाहीचा जो धडा मिळतो तो कोणत्याही निबंधापेक्षा पक्का बसतो.

ज्यांनी ‘आग आहे’ म्हणून पहिला क्रमांक मागितला, त्या मित्रांशीही माझं भांडण आहेच. तुम्हाला निबंध आवडला कारण त्यात तुमची मतं होती. ढसाळांचं अर्धं चरित्र गाळलेलं तुम्हाला दिसलं नसेल असं मी मानत नाही, तुम्ही तो काळ माझ्याइतकाच पाहिला आहे. उद्या तितक्याच जोरकस भाषेत, तितकंच पुरावे गाळून, उलट बाजूचं लिहिलेलं आलं तर तुम्ही काय कराल? ‘मांडणी राजकीय’ हाच शेरा तुम्हीही काढाल, अशी मला शंका आहे.

माझी गुणपत्रिका सांगतो, म्हणजे मोघम बोलल्यासारखं होणार नाही. भाषेला २५ पैकी १९. मांडणीला ११, कारण पान दोन आणि पान अकरा एकमेकांशी बोलत नाहीत. विषयज्ञानाला १३, शेली-ऑडन ऐकीव आहेत आणि ढसाळ अर्धे आहेत. मौलिकतेला २२, आणि त्यातले जवळजवळ सगळे सुर्व्यांवरच्या पानांचे. एकूण ६५. ज्या निबंधाला आपण पहिलं बक्षीस दिलं त्याला मी ५८ दिले होते. तो नीटनेटका होता, त्यात खाडाखोड नव्हती आणि कवितेची एक ओळही नव्हती.

दोन विनंत्या आहेत. निबंधकाराची हरकत नसेल तर हा निबंध ग्रंथालयाच्या वार्षिकात संपूर्ण छापावा आणि सोबत आपल्यापैकी प्रत्येकाने नावानिशी आपलं मत लिहावं. मी माझं लिहून तयार ठेवलं आहे, दोषांसकट. आणि पुढच्या वर्षीपासून शेऱ्याचा एका ओळीचा रकाना काढून तिथे अर्धं पान कोरं सोडावं, परीक्षकाने निबंधातलं किमान एक वाक्य उतरवून त्यावर लिहिल्याशिवाय गुण धरू नयेत. याने आपलं काम वाढेल. मानधन वाढणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

विषय ठरवायची बैठक दिवाळीनंतर आहे असं कळलं. मला बोलावलंत तर येईन.

आपला,
एक सहपरीक्षक